विनिपेगचं गोड पाणी आणि तुटलेलं गाव

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कॅनडाच्या प्रवासावरचा लेख वाचला. विनिपेगला हॉटेलच्या नळाचं पाणी थेट ओंजळीने प्यायलो, बाटली विकत घ्यावी लागली नाही, असं लेखकाने कौतुकाने लिहिलं आहे. कौतुक रास्तच आहे. माझी मुलगी तिथे राहते. गेल्या उन्हाळ्यात मीही तेच पाणी प्यायलो. पण जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात नोकरी झाल्यामुळे एक खोड लागली आहे. पाणी गोड लागलं की त्याचा उद्भव कुठला, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

विनिपेगचा उद्भव म्हणजे शोल लेक, शहराच्या पूर्वेला सुमारे 155 किलोमीटरवर, मॅनिटोबा आणि ओंटारियोच्या सीमेवर. तलाव शहरापेक्षा सुमारे 90 मीटर उंचावर, त्यामुळे काँक्रीटच्या बंद वाहिनीतून पाणी नुसत्या उताराने शहराकडे वाहत येतं. 1919 साली हे काम पुरं झालं. दलदल, कडाक्याची थंडी, वर पहिल्या महायुद्धाचा काळ. अशात इतक्या लांबीवर उतार राखणाऱ्या त्या अभियंत्यांना माझा नमस्कार. शहरात विषमज्वराने माणसं दगावत होती. गरज खोटी नव्हती.

पण उद्भवाचा काठ रिकामा नव्हता. तिथे अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांचं गाव आहे, शोल लेक 40 फर्स्ट नेशन (कॅनडात मूळनिवासी समाजांना ‘फर्स्ट नेशन’ म्हणतात). सरकारशी झालेल्या 1873 च्या करारानंतर त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीपैकी सुमारे 3,000 एकर जमीन 1915 मध्ये सरकारच्या इंडियन अफेअर्स, म्हणजे मूळनिवासींचा कारभार पाहणाऱ्या खात्याने शहराला परस्पर विकली. दर काय, तर मुख्य जमिनीला एकरी 50 सेंट आणि बेटांना 3 डॉलर. मोबदल्याच्या फायली मीही पाहिल्या आहेत. इतका निर्लज्ज दर क्वचितच पाहिला.

खरी मेख पुढेच आहे. उद्भवाजवळ तलावाला मिळणारी फाल्कन नदी पाणथळ रानातून येते, म्हणून तिचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी. ते शहराला नको होतं. मग बांध घालून नदीचं पाणी अडवलं आणि ते पलीकडच्या खाडीत सोडण्यासाठी चर खोदला. त्या चराने गावाची जमीन मुख्य भूमीपासून तोडली. गावाचं बेट झालं, आणि नितळ पाणी शहराच्या बाजूला राहिलं. जावयाने मला गाडीने तिथवर नेलं होतं. आता चरावरून रस्ता जातो. तिथे उतरून मी पाणी पाहिलं. नकाशात ही निळी रेघ कुणाच्याही नजरेत भरणार नाही, इतकी किरकोळ दिसते.

बेट झाल्यावर उन्हाळ्यात तराफा आणि हिवाळ्यात बर्फावरून वाट. बर्फ धरताना किंवा फुटताना दोन्ही बंद. कच्च्या बर्फातून खाली जाऊन माणसं मेली. 1997 मध्ये ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना लागू झाली. ज्या तलावाचं पाणी अख्खं शहर पितं, त्याच तलावाच्या काठी पाण्याचे बाटले बाहेरून विकत आणायचे! शुद्धीकरण केंद्राचा प्रस्तावही झाला होता. पण रस्ता नसल्यामुळे सामान नेण्याचा खर्च वाढतो, म्हणून तो परवडत नाही असं ठरलं. रस्ता का नाही, हा प्रश्न त्या हिशेबात कुठे बसणार? हा शेरा मला चांगला ओळखीचा आहे. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांच्या योजना ‘दरडोई खर्च निकषात बसत नाही’ म्हणून परत आलेल्या मी पाहिल्या आहेत.

शहराने मात्र 2009 मध्ये तीसेक कोटी डॉलर खर्चून स्वतःचं नवं शुद्धीकरण केंद्र उभारलं. गावाचं केंद्र सुरू झालं सप्टेंबर 2021 मध्ये, आणि तेही आधी 2019 मध्ये रस्ता झाला म्हणून. त्या 24 किलोमीटरच्या रस्त्याला लोकांनी ‘फ्रीडम रोड’ असं नाव दिलं. हे सगळं सरकारला उपरती झाली म्हणून झालं नाही. गावाने वर्षानुवर्षं तगादा लावला, मोर्चे काढले. 2014 मध्ये विनिपेगला मानवी हक्कांचं भव्य राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, आत पाण्याची शोभिवंत कुंडं. तेव्हा या गावाने स्वतःचं संग्रहालय जाहीर केलं, मानवी हक्कांच्या उल्लंघनाचं. दाखवायला वेगळं काही मांडावं लागलं नाही, गावच दाखवलं. इतका नेमका टोमणा मी दुसरा ऐकलेला नाही.

आपल्याकडच्या सहल कंपन्या ते राष्ट्रीय संग्रहालय आवर्जून दाखवतात. लेखातही त्याचा मोठा फोटो आहे. वास्तू पाहण्यासारखी आहेच, पण कुंडातलं पाणी कुठून आलं हे दोन ओळींत सांगायला हरकत नव्हती.

पुढच्या भागात टोरांटो येणार असल्याचं लेखाच्या शेवटी म्हटलं आहे. त्याच ओंटारियो प्रांताच्या उत्तरेला नेस्कांटागा नावाचं फर्स्ट नेशन आहे. तिथे पाणी उकळण्याची सूचना फेब्रुवारी 1995 मध्ये लागू झाली. ऑक्टोबर 2020 मध्ये पाण्याच्या टाकीत तेलकट तवंग दिसला, तेव्हा गावकऱ्यांना विमानाने थंडर बे शहरात हलवावं लागलं. लेखकाने त्या भागात नेस्कांटागाला एक परिच्छेद द्यावा, एवढीच विनंती.

— एक निवृत्त शाखा अभियंता, ठाणे