चार कोंबड्या आणि एका दिवसाची वेठ

ऑल्बनी, न्यूयॉर्क राज्य

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "तिकडे जमिनीचे जुने कागद ठेवतात का? आणि कुणालाही बघू देतात का?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्रच लिहायला घेतलं. तुमची सगळी नोकरी तलाठी म्हणून गेली, तेव्हा यातलं बरंच तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

कागद ठेवतात आणि बघूही देतात. इथल्या राज्य ग्रंथालयात हस्तलिखितांचा विभाग अकराव्या मजल्यावर आहे. पिशवी बाहेर ठेवायची, आत फक्त पेन्सिल न्यायची. सवड मिळेल तशी मी तिथे व्हॅन रेन्सेलर घराण्याचं दप्तर बघायला जाते. हिशेबाच्या वह्या, पट्टे, नकाशे, पत्रं असं सुमारे अडीचशे वर्षांचं दप्तर आहे ते. जुनं डच मला वाचता येत नाही, त्या भागासाठी छापील इंग्रजी भाषांतरांवर माझी भिस्त.

मूळ पुरुष किलियान व्हॅन रेन्सेलर, ॲमस्टरडॅमचा जडजवाहिरांचा व्यापारी आणि डच वेस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक. कंपनीने १६२९ साली सनद काढली की जो चार वर्षांत पन्नास माणसं नेऊन वसवील त्याला इकडे वतन मिळेल. किलियानच्या माणसांनी १६३० मध्ये हडसन नदीकाठची जमीन महिकन या इथल्या मूळ रहिवासी लोकांकडून खरेदी केली. वतन वाढत वाढत नदीच्या दोन्ही तीरांवर चोवीस मैल लांब आणि अठ्ठेचाळीस मैल रुंद झालं. एकरांत मोजलंत तर सात लाखांच्या वर. मालकाने मात्र ही जमीन डोळ्यांनी कधी पाहिली नाही. ॲमस्टरडॅमला बसून तो पत्रांतून हुकूम सोडायचा. आणि ज्यांची जमीन होती त्या महिकन लोकांचे वंशज आज इथून कितीतरी दूर, विस्कॉन्सिनमध्ये राहतात.

पुढे त्याचा मुलगा येरेमियास इथे येऊन कारभार बघू लागला. १६५८ पासून वतनाचा मुख्य कारभारी तोच. त्याची आईला आणि भावांना लिहिलेली पत्रं मी फार मन लावून वाचली. तेव्हा इथे नाणं फारसं नव्हतं. व्यवहार गव्हात, शिंपल्यांच्या मण्यांत आणि बीव्हर नावाच्या पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्यांत चालायचे. एक कातडं म्हणजे आठ गिल्डर (डच नाणं) हा धरलेला भाव. लग्नानंतर त्याने बिअर गाळायचा धंदाही सुरू केला. त्याबद्दल तो लिहितो की हे बायकोसाठी केलं, कारण माहेरी ती हाच कारभार बघत असे.

बायकोचं नाव मारिया. आईला हिच्याबद्दल आवर्जून सांगा. पहिल्या बाळंतपणानंतर तिचा पाय कायमचा अधू झाला, कुबड्या घेऊन चालायची. १६७४ मध्ये येरेमियास वारला तेव्हा ती तिशीच्या आत होती, पदरात सहा मुलं. तोवर इंग्रजांचा अंमल आला होता. हॉलंडमधले सासरचे लोक वाटणीवर नजर ठेवून, इथे जवळचे नातलग निम्मं मागायला टपलेले. दिराची विधवा ॲलिडा हिने रॉबर्ट लिव्हिंग्स्टनशी लग्न केलं आणि त्या गृहस्थाने वतनावर हक्क सांगितला. मारियाने गिरण्या चालवल्या, गव्हाचा हिशेब ठेवला आणि हॉलंडला एकामागून एक पत्रं लिहिली. ती १६८९ मध्ये गेली. तिच्या मुलांकडे वतन राहिलं ते तिच्या या चिकाटीमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण बाबा, या दप्तरातलं एक पत्र मला सुन्न करून गेलं. घराण्याकडे आंद्रिस नावाचा एक आफ्रिकी गुलाम होता, घोड्यांची निगा राखण्यात तरबेज. येरेमियासच्या हॉलंडमधल्या भावाने कळवलं, त्याला माझ्याकडे पाठव. येरेमियासने उलट लिहिलं की असल्या मुक्त देशात त्याच्याकडून चाकरी करून घेऊ पाहणं म्हणजे मूर्खपणा, तिथे तो ताठ होईल. म्हणजे यांना सगळं समजत होतं. हॉलंडच्या मातीवर पाय पडला की हा माणूस आपला राहणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याला इथे अडकवून ठेवला. आंद्रिसने स्वतः लिहिलेली एक ओळ नाही. घोड्यांच्या बातमीत त्याचं नाव आलं, म्हणून साडेतीनशे वर्षांनी आपल्याला तो कळतो. न्यूयॉर्कात गुलामगिरी कायद्याने संपायला १८२७ साल उजाडलं.

आता तुमच्या खास विषयाकडे येते, कुळांचे पट्टे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८५ मध्ये स्टीफन व्हॅन रेन्सेलर तिसरा हा वयात येऊन मालक झाला. पडीक डोंगराळ जमीन लागवडीला आणायची म्हणून त्याने कायमचे पट्टे दिले. पहिली सात वर्षं खंड माफ. त्यानंतर दरसाल शंभर एकरांमागे दहा ते चौदा बुशेल गहू, चार लठ्ठ कोंबड्या आणि घोडागाडी घेऊन मालकाच्या कामावर एक दिवस वेठ. गहू वाड्यावर नेऊन घालायचा. झाडं तोडून, दगड वेचून जमीन करायची कुळाने. खाणी आणि गिरणीला लागणारं पाणी मालकाचं. कुळाने आपला हक्क विकला तर किमतीचा चौथा हिस्सा मालकाला. आपल्याकडे शर्तीच्या जमिनीला नजराणा भरावा लागतो तो सरकारजमा होतो. इथे तो सरळ एका घराण्याच्या तिजोरीत जायचा.

चौदा बुशेल म्हणजे पावणेचार क्विंटलच्या आसपास. तुम्ही म्हणाल, शंभर एकरांना एवढाच? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण हेल्डरबर्गच्या डोंगरातली जमीन हलकी, गव्हाला कीड लागू लागली, आणि १८२५ मध्ये ईरी कालवा झाल्यावर पश्चिमेकडचा स्वस्त गहू येऊन भाव पडले. कुळांनी शेतात दुसरं काही लावलं तरी खंड गव्हाचाच किंवा त्याच्या किमतीचा. पिढ्यान् पिढ्या भरा, जमीन नावावर होणार नाहीच. हे वाचताना मला आपले आजोबा आठवले, खोताच्या अंगणात भाताचे मापटे ओतणारे.

स्टीफनला लोक चांगला मालक म्हणत, कारण तो थकबाकीसाठी फार तगादा लावत नसे. २६ जानेवारी १८३९ ला तो गेला आणि मृत्युपत्रात निघालं की थकलेला खंड वसूल करून कर्ज फेडा. रक्कम सुमारे चार लाख डॉलर. वर्षानुवर्षांची सवलत म्हणजे नुसती वहीत साठलेली बाकी होती, हे तेव्हा कुळांना कळलं. त्याच ४ जुलैला बर्न गावात सभा भरली आणि खंड न भरण्याचा निर्धार झाला. शेरीफची, म्हणजे परगण्यातल्या कायदा-अंमलदाराची, माणसं येताना दिसली की डोंगरात पत्र्याचे कर्णे वाजायचे, छापील सुती झगे आणि मुखवटे घातलेले शेतकरी जमायचे. १८४५ मध्ये डेलावेअर परगण्यात ऑस्मन स्टील हा उपशेरीफ मारला गेला. शेवटी १८४६ च्या राज्यघटनेत शेतजमिनीचा पट्टा बारा वर्षांहून जास्त मुदतीचा नको असं कलम आलं. जुने पट्टे मात्र लगेच सुटले नाहीत, कज्जे पुढे कित्येक वर्षं चालले.

२९ मार्च १९११ च्या पहाटे इथल्या कॅपिटॉलला, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीला, आग लागली, ग्रंथालय तेव्हा त्याच इमारतीत होतं. सुमारे साडेचार लाख पुस्तकं आणि दोन लाख सत्तर हजार हस्तलिखितं गेली. सॅम्युएल ॲबट नावाचे वृद्ध पहारेकरी त्यात मरण पावले. डच राजवटीचे कागद खालच्या फळ्यांवर होते, वरचे इंग्रजी ग्रंथांचे गठ्ठे त्यांच्यावर कोसळले आणि त्या ढिगाऱ्याखाली ते टिकले, कडा तेवढ्या जळल्या. व्हॅन लेर नावाचे दफ्तरदार होते, त्यांनी केलेल्या भाषांतरांचं मोठं काम त्या आगीत खाक झालं. तरी माणूस पुन्हा कामाला बसला. मी वाचते ती येरेमियासची पत्रं त्यांनी १९३२ मध्ये छापली, मारियाची १९३५ मध्ये. एवढ्या निष्ठेने कुणी बसलं नसतं तर आंद्रिस मला भेटलाच नसता.

म्हणून एक विनंती आहे. घराची कौलं काढणार आहात, तेव्हा माळ्यावरची मोडी कागदांची पेटी कुणालाही रद्दीत देऊ नका. बाहेर काढून कोरड्या जागी ठेवा, ऊन लावू नका. पावत्या असतील, खंडाच्या नोंदी असतील, कुणाकुणाची नावं असतील. रत्नागिरीत मोडी वाचणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर विचारून ठेवा, डिसेंबरात आले की आपण दोघं मिळून यादी करू.

आणि हे कळवा: कुळाने हक्क विकताना चौथाई न भरता परस्पर सौदा केला, तर तुमच्या काळी असल्या फेरफाराची नोंद कशी धरली असती? इथल्या एका वहीत तसं प्रकरण दिसतंय, मला नीट उलगडत नाही.

आईला नमस्कार. तिची कुळथाची पिठी पोचली.

तुमची लेक,
मीनल