फर्नांडिना बेटावरून आबांना पत्र

फर्नांडिना बेटाजवळ, गालापागोस (इक्वेडोर)

ती. आबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

काल बेटाच्या पुंता एस्पिनोसा या टोकाला उतरलो. सगळीकडं काळा लाव्हा, कुठं कुठं दोरखंडासारखा पीळ पडलेला. आपल्या पन्हाळ्याचा कडाही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला ला कुम्ब्रे ज्वालामुखी २०२४ च्या मार्चमध्येच फुटला होता.

त्या दगडावर समुद्री इग्वाना, म्हणजे घोरपडीसारखे मोठे सरडे, एकमेकांच्या अंगावर पडून ऊन खात होते. समुद्रातलं शेवाळ खायचं आणि अंगात गेलेलं मीठ नाकातून फुर्रकन उडवायचं! दोन मीटर लांब राहायचा नियम आम्हालाच पाळावा लागतो, ते जागचे हलत नाहीत. दाजीपुरात गवा दिसला की आपण श्वास रोखून उभे राहतो. इथं माणसाची भीती मुळी शिरलेलीच नाही. उंदीर, मांजरं, शेळ्या इथं कधी पोचल्या नाहीत. तसंच राहावं म्हणून आमचं सामानसुद्धा तपासतात, आणि ते मला फार पटलं.

आई, तुला पाणकावळा दाखवायला हवा होता. निळ्या डोळ्यांचा, पंख इवलेसे, उडताच येत नाही. जमिनीवर शत्रू नाही, मासे बुडी मारून मिळतात, मग पंख आखूडच होत गेले. नर चोचीत समुद्री शेवाळ घेऊन आला आणि मादीनं ते घरट्यात नीट लावून घेतलं. हा पक्षी जगात फक्त इथं आणि शेजारच्या इसाबेला बेटावर आहे.

विषुववृत्तावर पेंग्विनही पाहिले. पश्चिमेकडून खोलातून येणारा थंड प्रवाह बेटाला धडकून वर येतो, त्यावर शेवाळ आणि मासे पोसतात. आबा, एल निन्यो आला की हेच पाणी तापतं. आपण पावसाच्या चिंतेत असतो, तेव्हा इथं शेवाळ मरतं. इग्वाना उपाशी पडतात, त्यांची लांबीसुद्धा कमी होते, आणि खायला मिळालं की पुन्हा वाढते. १९८२-८३ च्या एल निन्योत पेंग्विन तर बहुतेक गेलेच होते. बातम्यांत तो शब्द ऐकला की मला फक्त आपला ऊस दिसायचा. आता हे जीवही दिसतील.

पंचगंगेला पाणी कितपत आहे, लावणीचं काय झालं, ते सविस्तर कळवा. गुडघा दुखत असला तर शेतावर चालत जाऊ नका.

तुमची,
धाकटी