ठसे उमटत नाहीत म्हणून गॅसचं अनुदान अडवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
घरगुती गॅस विभाग

विषय: वृद्ध ग्राहकाच्या बोटांचे ठसे जुळत नसल्याने ई-केवायसी (आधारवरून ग्राहकाची ओळख पडताळणी) नाकारणे व अनुदान थांबवणे

महोदय,

माझ्या आईच्या नावावर आपल्या कंपनीचं उज्ज्वला योजनेतलं गॅस कनेक्शन आहे. ई-केवायसी झालेली नाही, या कारणावरून तिला सिलिंडरमागे मिळणारं 300 रुपयांचं अनुदान बंद झालं आहे. आम्ही टाळाटाळ केली असं नाही. आपल्या सोलापुरातल्या वितरकाकडे ती होऊच शकली नाही, आणि का होऊ शकली नाही ते सविस्तर लिहिते.

आईने उभं आयुष्य विड्या वळल्या. कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणायची, पान भिजवायचं, कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि विडीचं तोंड नखाने दुमडून बंद करायचं. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. आज तिच्या अंगठ्यांची आणि पुढच्या बोटांची कातडी अगदी गुळगुळीत झाली आहे. आमच्या पूर्व भागात असे हात घरोघरी आहेत. म्हणजे ही एकट्या आईची अडचण नाही, आपल्या वितरकाच्या दारात रोज येणाऱ्या बायकांची आहे.

काउंटरवरच्या मुलाने आधी अंगठा, मग एकेक करून सगळी बोटं मशीनवर दाबायला लावली. काच फडक्याने पुसली, आईला साबणाने हात धुऊन यायला सांगितलं, मग बोटांना व्हॅसलीन लावून पाहिलं. शेवटी रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, तुमचे ठसेच गेलेत. आधार अपडेट करून आणा." आम्ही आधार केंद्रातही जाऊन आलो. तिथे ठसे नव्याने घेतले, पण झिजलेल्या बोटांवर रेघा येणार कुठून? एजन्सीतल्या मशीनने पुन्हा नकारच दिला. त्या मुलावर माझा राग नाही, त्याने त्याच्या परीने खटपट केली. ठसा लागला नाही तर पुढे काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि ते शिकवणं कंपनीचं काम होतं.

याच आईचा पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला मी नोव्हेंबरमध्ये घरी बसून, माझ्या मोबाइलवर तिचा चेहरा दाखवून काढला. आधार तेच, माणूस तेच, आणि ओळख लगेच पटली. आपल्या अ‍ॅपमध्येही चेहऱ्यावरून ई-केवायसीची सोय आहे. पण अ‍ॅप उघडायला कनेक्शनवर नोंदवलेला मोबाइल नंबर लागतो. आमचा तो नंबर भावाचा जुना, केव्हाच बंद झालेला. नंबर बदलून द्या म्हटलं तर एजन्सी म्हणते, आधी ई-केवायसी करा. मग निदान तुमच्या फोनवरून आईचा चेहरा घ्या, अशी विनंती केली. "आम्हाला तसं वरून सांगितलेलं नाही," हे उत्तर मिळालं. डोळ्यांच्या बुबुळांचं यंत्र तर तिथे नव्हतंच.

महोदय, हा मेहेरबानीचा प्रश्न नाही. आधार कायद्याच्या 8व्या कलमात 2019 साली दुरुस्ती झाली. आजारपण, इजा, म्हातारपणाची दुर्बलता किंवा तांत्रिक कारणाने ओळख पटली नाही, तर ओळख पटवणाऱ्या संस्थेने दुसरा व्यवहार्य मार्ग द्यायचा आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. माहिती घेण्याआधी त्या व्यक्तीला पर्याय काय आहेत हे सांगणंही त्याच कलमाने बंधनकारक केलं आहे. आम्हाला कुणी एक अक्षर सांगितलं नाही. ठसे चुकतात हेही काही गुपित नाही. मार्च 2018 मध्ये खुद्द आधार प्राधिकरणाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितलं होतं की सरकारी सेवांमध्ये ओळख पटण्याचं प्रमाण 88 टक्के आहे. उरलेल्यांत कोण असणार? ज्यांनी हाताने काम केलं ते. विडी कामगार, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या, आणि म्हातारी माणसं. ज्यांच्यासाठी अनुदान आहे, नेमकी त्यांचीच बोटं झिजलेली आहेत. आईला महिन्याला जेमतेम हजार रुपये पेन्शन आहे. त्यात 300 रुपये म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

बोगस कनेक्शनं शोधायला तपासणी हवी, याला माझा विरोध नाही. पण मशीनला ठसा वाचता आला नाही, याचा अर्थ ग्राहक बोगस असा होत नाही. आपल्या यंत्रणेत मात्र तसाच धरला जातो, आणि आपण खरे आहोत हे सिद्ध करायला म्हाताऱ्या माणसालाच रिक्षाचे पैसे घालून फिरावं लागतं.

आणखी एक गोष्ट. त्या गडबडीत एजन्सीतल्या दुसऱ्या एका माणसाने आईच्या आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो स्वतःच्या खासगी मोबाइलवर काढून घेतले. कशासाठी, ते विचारूनही सांगितलं नाही. ते फोटो पुसून टाकावेत आणि तसं लेखी कळवावं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, पण आधार क्रमांक आणि बोटं जन्मभर तीच राहतात.

आईची ई-केवायसी चेहऱ्यावरून, शक्यतो आमच्या घरी येऊन पूर्ण करावी. ती घरीच असते. कनेक्शनवरचा मोबाइल नंबर बदलून द्यावा आणि मधल्या काळात घेतलेल्या सिलिंडरचं अडलेलं अनुदान खात्यात जमा करावं. सोलापुरातल्या आपल्या सर्व वितरकांना चेहऱ्याच्या पर्यायाची लेखी सूचना द्यावी आणि ती काउंटरवर मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये लावावी, कारण इथल्या बऱ्याच विडी कामगार बायकांची घरची भाषा मराठी नाही. आणि ज्या ग्राहकाचा ठसा लागला नाही त्याला तारखेसह तशी पावती मिळावी. आम्ही मागितली तेव्हा "अशी पावती नसते" असं सांगण्यात आलं, त्यामुळे आम्ही आलो होतो याचा आमच्याकडे आज कागदोपत्री काहीही पुरावा नाही.

लेखी उत्तर आईच्या नावाने, कनेक्शनवरच्या पत्त्यावर पाठवावं. दखल घेतली गेली नाही तर मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे.

आपली,
ग्राहकाची मुलगी, सोलापूर

सोबत: गॅस पुस्तिकेची प्रत, अनुदान जमा न झाल्याचं बँक पासबुकाचं पान, हयातीच्या दाखल्याची प्रत