ध्वनीकलेला खोली द्या, कोपरा नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने आपल्या कलाकेंद्रातल्या साउंड आर्टच्या, म्हणजे जिथे आवाज हीच कलाकृती असते त्या ध्वनीकलेच्या प्रदर्शनाबद्दल लिहिलं होतं, की आत जाऊन दोन मिनिटं थांबलो, घूं घूं सोडून काही ऐकू आलं नाही, याला संगीत कसं म्हणायचं, त्यापेक्षा ती जागा गाण्याच्या मैफलींना दिलेली बरी. ते पत्र मी दोनदा वाचलं. राग नाही आला, कारण त्यांनी जे लिहिलंय ते खरंच तसंच ऐकू येत होतं. मी शनिवार-रविवार त्या प्रदर्शनाच्या दाराशी बसते, स्वयंसेवक म्हणून, त्यामुळे कोण किती वेळ आत थांबतं आणि बाहेर येताना चेहरा कसा असतो हे मला समोरच दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण तो आवाज जसा मांडलाय तिथेच गडबड झालीये.

हॉल एक, त्यात तीन कलाकृती, मध्ये पार्टिशन नाही. एकीत चार स्पीकरमधून अगदी खर्जातला, हळूहळू सरकत जाणारा सूर येतो, शेजारीच एका स्क्रीनवर कोणीतरी बोलतंय, पलीकडे पाण्याचं रेकॉर्डिंग, वर एसीची घरघर आणि कॉरिडॉरचं दार सारखं उघडं. एसीची घरघर आणि तो खर्ज साधारण एकाच पट्टीत पडतात, त्यामुळे सूर घरघरीत बुडून जातो. त्यात कोणीतरी तक्रार केली म्हणून आवाज कमी केला, मग तर उरलं काय? चित्रं शेजारी शेजारी टांगता येतात हो, मध्ये हातभर भिंत सोडली की झालं. आवाज मात्र शेजाऱ्याच्या घरात शिरतोच, त्याला फ्रेम घालता येत नाही.

आणि ध्वनीकलेत खोली ही नुसती जागा नसते, ती वाद्याचाच भाग असते, हे मला नीट समजायला बरीच वर्षं लागली. आल्व्हिन ल्युसिए या अमेरिकन संगीतकाराने १९६९ मध्ये एक कृती केली, तो खोलीत बसून चार वाक्यं बोलतो आणि ती रेकॉर्ड करतो, मग तेच रेकॉर्डिंग त्याच खोलीत वाजवून परत रेकॉर्ड करतो, मग ते परत, असं करत करत शब्द विरघळत जातात आणि शेवटी खोलीचे स्वतःचे सूर तेवढे उरतात. यात जादू काही नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, खोली ५ मीटर लांब असेल तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३४ हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ३४ कंपनांच्या) आसपासचा सूर उठून येतो, आणि मग त्याच्या दुप्पट, तिप्पट वगैरे. तेवढे सूर खोली फुगवते, बाकीचे गिळते. प्रत्येक फेरीत हे होत गेलं की बोलण्याचं गाणं होतं. आता हीच कृती आपल्या हॉलमध्ये, उघड्या दाराशी, स्क्रीनवरच्या बडबडीशेजारी ऐकवली तर ऐकणाऱ्याला काय कळणार, बिचारा दोन मिनिटांत बाहेर येणारच.

माझी अजून एक आवडती गोष्ट आहे ती वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाची. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचं एक नवीन लेक्चर हॉल असं घुमायचं की बोललेला शब्द साडेपाच सेकंद विरायचा नाही, पुढचं वाक्य मागच्या वाक्यावर चढायचं, मुलांना काही कळायचं नाही. सेबिनला हे दुरुस्त करायला सांगितलं. तो रात्री, सगळं शांत झाल्यावर, जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून त्या हॉलमध्ये आणायचा, एक एक वाढवत, आणि ऑर्गनचा सूर बंद केल्यावर किती वेळ ऐकू येतो हे स्टॉपवॉच लावून मोजायचा. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. यातूनच घुमण्याचं गणित तयार झालं, १९०० मध्ये बॉस्टनचं सिम्फनी हॉल त्याच हिशोबाने बांधलं, आणि आजही हॉलचं अकूस्टिक्स, म्हणजे आत आवाज कसा ऐकू येईल ते, बघणारी माणसं सेबिनचं सूत्र वापरतात. त्याला असंही दिसलं की एक माणूस जवळजवळ सहा गाद्यांइतका आवाज शोषतो. म्हणजे आपण नुसते जाऊन बसलो तरी खोलीचा आवाज बदलतो! मला हे वाचून फार आनंद झाला होता, अजूनही होतो.

गाद्यांवरून आठवलं. मागच्या महिन्यात मी न विचारता दोन स्टुलं आणि एक जुनी सतरंजी त्या खर्जवाल्या कामापाशी ठेवली आणि त्या दुपारी दार लावून घेतलं, कोणी आलं की हळूच उघडायचं. फरक इतका पडला की मलाच विश्वास बसेना. एरवी जी माणसं उभ्या उभ्या एक गिरकी मारून जातात ती बसली. एक आजोबा सतरंजीवर मांडी घालून डोळे मिटून बसले ते नातवंड हात ओढायला लागलं तरी उठेनात, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, अहो यात वरती कोणीतरी बारीक शिट्टी घालतंय का? शिट्टी कोणी घालत नव्हतं. ते त्या खर्जाचेच वरचे स्वर होते, जे थोडा वेळ बसल्याशिवाय ऐकू येत नाहीत.

आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही खरं तर. लहानपणी आमच्या गाण्याच्या बाई गळा उघडायच्या आधी नुसता तानपुरा ऐकायला लावायच्या, जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला दोरा अंमळ इकडचा तिकडे केला की खर्जाच्या तारेतून गंधार कसा वर येतो तो ऐक म्हणायच्या, आणि तो ऐकू यायला मला कित्येक दिवस लागले. घूं घूं मध्ये काय असतं ते आपल्या कानाला आधीपासून ठाऊक आहे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले, तिथे ला माँट यंग आणि टेरी रायली हे त्या काळचे सगळ्यात धाडसी संगीतकार त्यांचे शिष्य झाले. यंग आणि कलाकार मारियन झझीला या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये ड्रीम हाउस नावाची आवाजाची खोली उभी केली, आत्ताच्या जागेत ती १९९३ पासून आहे. खोलीभर न थांबणारे सूर, मान जरा वळवली की वेगळंच काहीतरी ऐकू येतं, दाराशी चपला काढायच्या आणि गालिच्यावर उशी घेऊन हवं तितका वेळ बसायचं. म्हणजे तिथेही शेवटी बसायची सोय आलीच.

कोणी म्हणेल, मग गोंगाटात ठेवलेलं काम नसतंच का? असतं. मॅक्स न्यूहाउस या ध्वनीकलाकाराने १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या ट्रॅफिकमध्ये, रस्त्यातल्या जाळीखाली एक घुमणारा सूर ठेवला, पाटी नाही, नाव नाही, चालता चालता ज्याला लागला त्याला लागला. १९९२ मध्ये बंद केलेलं ते काम २००२ मध्ये परत सुरू झालं. पण तो सूर त्या जाळीसाठी, त्या गर्दीसाठी जुळवलेला आहे. जेनेट कार्डिफ या कलाकाराचं २००१ चं काम याच्या बरोबर उलट, चाळीस आवाजांची सोळाव्या शतकातली एक रचना, प्रत्येक आवाज वेगळा रेकॉर्ड केलेला आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्पीकर, असे चाळीस स्पीकर मोठ्या लंबगोलात उभे. एका स्पीकरला कान लावला की एकच माणूस श्वास घेऊन गाताना ऐकू येतो, मधोमध आलात की सगळा समूह अंगावर येतो. त्याला शांत आणि मोठी खोली लागतेच. कुठलं काम कुठे ठेवायचं हे प्रत्येक वेळी कान लावून ठरवावं लागतं, हे दुसरं कोणी ठरवून देऊ शकत नाही.

केंद्रात नव्या संगीताच्या संध्याकाळी होतात त्यांचंही तेच. परवा एक चेलोवादक इतकं हळू वाजवत होता की गजाचे केस तारेवर घासल्याचा आवाज हेच संगीत होतं, आणि त्याच वेळी बाहेर पुढच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या लावणं सुरू. वाजवणाऱ्याने एकदा मान वर करून दाराकडे बघितलं आणि परत वाजवायला लागला, मला फार वाईट वाटलं.

केंद्राकडे मोठं काही मागत नाहीये. एका वेळी एकच कृती आवाजात ठेवा, बाकीच्या हेडफोनवर. दारावर लिहा की लूप, म्हणजे परत परत वाजणारी एक फेरी, किती मिनिटांचा आहे, म्हणजे येणाऱ्याला कळेल की दोन मिनिटांत अर्धवट सोडून निघालोय. ऐकायच्या वेळात एसी बंद करता येतो का ते बघा. बसायला काहीतरी ठेवा. आणि आवाज किती ठेवायचा हे कलाकाराला विचारून ठरवा, तक्रार आली की बटण फिरवायचं असं नको.

आणि तुम्हालाही एक विनंती, संपादक साहेब. नाटकाचं परीक्षण येतं, चित्रप्रदर्शनाचं येतं, ध्वनीकलेची मात्र तारीख-वेळ एवढीच छापून येते. कोणीतरी बसून ऐकून लिहायला हवं. सुझन फिलिप्स या कलाकाराला २०१० मध्ये टर्नर पुरस्कार, म्हणजे ब्रिटनमधला आजच्या कलेचा मोठा पुरस्कार, मिळाला तो फक्त आवाजाच्या कामाला, पुलाखाली तिचा एकटीचा साधा गाणारा आवाज, म्हणजे कलेच्या जगात हा विषय आता कोपऱ्यातला राहिलेला नाही.

ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझं मनापासून बोलावणं आहे. प्रदर्शन अजून दोन शनिवार-रविवार आहे. दुपारी या, मी दाराशीच असते, सतरंजी घालून ठेवते आणि दार लावून घेते.

आपली,
एक नियमित वाचक