समुद्र नसलेल्या गावाकडून, अक्का, तुम्हाला

अक्का,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोकणातल्या, तुमच्याकडे तुम्हाला सगळे ताई म्हणतात. किनारा कसा साफ करायचा ते शिकवायला सोलापुरात आल्या आल्या आमच्या पोरांनी तुमची अक्का करून टाकली, आणि आता आम्हालाही दुसरं काही म्हणवत नाही. पत्र चारचौघांत लिहितोय, कारण फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच भरतीच्या वेळा सांगायला लागता.

आधी आमची चूक कबूल करतो. तुम्ही येण्याच्या आदल्या वर्षी आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांनी कंबर तलावाच्या काठावर स्वच्छता केली होती. केली म्हणजे बॅनर लावला, टोप्या घातल्या, फोटो काढले आणि दोन तासांत तीसेक पोती भरून काठावर रचून ठेवली. पोती न्यायला गाडी सांगायचीच राहिली होती. ते काम माझं होतं. रात्रीतून कुत्र्यांनी पोती फाडली, त्यावर पाऊस झाला आणि निम्मा कचरा होता तिथे परत गेला. एका पोराच्या पायात काच घुसली ती वेगळीच, चपलेवर आला होता तो. पहिल्यांदा फोन केला तेव्हा तुम्ही पोरं किती, येणार कधी, यातलं काहीच विचारलं नाही. "सर, उचललेला कचरा नेणार कोण?" एवढंच विचारलंत. मी गप्प बसलो होतो, आठवतंय ना?

प्रशिक्षणाला येताना तुम्ही एसटीतून एक पोतं आणलंत. वर्गात जुनी चादर अंथरून (सोलापुरात चादरीला काय तोटा!) ते तिच्यावर ओतलंत. जाळ्याचे तुकडे, एक डावी चप्पल, थर्माकोलचा चुरा, शंखकिडे चिकटलेली बाटली. आणि तो वास! आमच्या चाळीस पोरांतल्या तीसेक जणांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांची समुद्राशी पहिली ओळख त्या वासानं झाली. पहिल्या रांगेतल्या पोरी मागे सरकल्या, तशा तुम्ही म्हणालात, "हात कुणी लावायचा नाही. आधी नुसतं बघा." पहिला अख्खा तास काय उचलायचं नाही यातच गेला. वाहून आलेलं शेवाळ, लाकडं, शिंपले हे किनाऱ्याचंच, ते तिथेच राहू द्यायचं. वाळूत अर्धं गाडलेलं जाळं ओढायचं नाही, वर दिसतंय तेवढं कापून घ्यायचं. सुई दिसली तर जागेवर उभं राहून मोठ्या माणसाला हाक मारायची. निळा फुगा (जेलीफिशसारखा डंख मारणारा जीव) दिसला तर मेलेला का असेना, शिवायचं नाही. माझी वीस वर्षं शिकवण्यात गेली, पण 'करू नका' या शब्दावर पोरं इतकी खिळून बसलेली मी पाहिली नव्हती.

मग चार-चारच्या टोळ्या केल्यात. दोघं उचलणार, एक पोतं धरणार आणि चौथा काय, किती सापडलं ते फक्त तक्त्यात लिहिणार. लिहिणाऱ्यानं वाकायचं नाही, हा नियम पोरांना आधी आळशीपणाचा वाटला. तक्ता वाटून झाला तेव्हा मागून एका पोरीनं हात वर केला. तिची आई दिवसाला हजार विड्या वळते. "अक्का, सिगारेटच्या थोटकांचा रकाना आहे. आमची विडी कुठं लिहायची?" तुम्ही थांबलात, हसलात आणि "तूच सांग" म्हणालात. तिनं सांगितलं, विडीला तेंदूचं पान, आत तंबाखू आणि बांधायला दोरा, दुसरं काही नसतं, पान कुजतं. त्यावर तुम्ही सिगारेटचं फिल्टर फोडून दाखवलंत. कापसासारखं दिसणारं ते सेल्युलोज ॲसिटेट म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. तक्त्यात पेनानं विडीचा वेगळा रकाना आखला गेला. ती पोर त्या दिवसापासून बदलली, असलं काही लिहीत नाही. पण पुढे किनाऱ्यावर तिच्या टोळीचा तक्ता सगळ्यांत चोख होता.

तुमची रांगोळी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. "आमच्या कचऱ्याचा समुद्राशी काय संबंध?" असं एकानं विचारलं, तर तुम्ही खाली बसून नद्याच काढायला लागलात. शहरातले नाले सीनेला, सीना कुडलच्या संगमावर भीमेला, भीमा रायचूरकडे कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. आमच्या वर्गात निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी. त्यातला एक पटकन बोलून गेला, "म्हणजे आमच्या आजोळी?" वर्ग हसला, तो मात्र हसला नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, जगभर किनारे साफ होतात त्या दिवशी, आम्ही दापोलीकडे तुमच्या गावी होतो. त्या दिवशी संकष्टी. तुम्ही पोरांकडून पाऊणकी म्हणून घेतलीत: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, चार पाऊण तीन. पहाटे तीनला भरती, नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी, म्हणून साडेसातला सुरुवात. कचरा शोधायचा तो भरतीच्या रेघेवर, पाण्यात नाही. दिवाळीनंतर कासविणी अंडी घालायला येतात, त्याआधी वरची वाळू मोकळी हवी, हे तुम्ही सांगितल्यावर पोरं घाई सोडून सावकाश चालायला लागली. समुद्रात जायला मात्र साडेदहापर्यंत मनाई! तोवर पोरांना आवरताना माझा घसा बसला. नंतर उपासवाल्यांनी साबुदाण्याची खिचडी ओली वाळू झटकत झटकत खाल्ली.

परत आल्यावर आम्ही पुन्हा कंबर तलावावर गेलो. यंदा बॅनर नव्हता. घंटागाडीवाल्याशी दोन दिवस आधी बोलणं झालं होतं, बूट सगळ्यांच्या पायांत होते, आणि पोती फक्त अकरा भरली. अकराच्या अकरा त्याच दुपारी गेली. तक्ते सोबत पाठवतोय. गुटख्याच्या पुड्यांचा रकाना पुरला नाही, मागच्या बाजूला लिहिलंय.

जानेवारीत गड्डा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराची जत्रा आहे. नंदीध्वज बघायला या, म्हणजे जत्रा उठल्यावर होम मैदानावर आमच्याकडून काय काय चुकतं तेही बघता येईल. शेंगाचटणी पाठवतोय. पोरांनी प्लास्टिकची पिशवी वापरू दिली नाही आणि कागदातून तेल सुटतं, म्हणून स्टीलच्या डब्यात भरली आहे. डबा बायकोचा आहे, येताना तेवढा आठवणीनं घेऊन या.

तुमचा,
कायम गाडी सांगायला विसरणारा सर
सोलापूर