क्लेम केसमधली मनाची जखम

महोदय,

वाहन अपघातातल्या मृत्यूच्या क्लेममध्ये, म्हणजे नुकसानभरपाईच्या दाव्यात, कुटुंबाच्या दुःखाचा आकडा सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालात बांधून दिला: सहवास गमावल्याचे ४०,००० रुपये, आणि दर ३ वर्षांनी १० टक्के वाढ. २०१८ च्या मॅग्मा निकालानंतर ही रक्कम पती-पत्नीप्रमाणे मुलांना आणि आई-वडिलांनाही मिळते. यातही घोळ आहेच. ऑक्टोबर २०२३ ची दुसरी वाढ मूळ रकमेवर धरली तर ४८,०००, वाढीव रकमेवर धरली तर ४८,४००. चारशे रुपयांसाठी अपिलात कोण जाणार?

पण खरी कुचंबणा जखमींची. हाताचे अपंगत्व टक्क्यांत मोजले जाते. 'वेदना व यातना' या सदरात मात्र बहुधा ठोकळ रक्कम पडते आणि कारण एका ओळीत आटोपते. सगळा दोष हे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचा नाही. फाईलमध्ये एक्स-रे असतो, डिस्चार्ज कार्ड असते, मनाचा एकही कागद नसतो. गाडीत बसायची भीती, उडालेली झोप, सुटलेली नोकरी हे थेट उलटतपासणीत निघते, आणि विमा कंपनीचा वकील विचारतो, "उपचाराची चिठ्ठी कुठे आहे?" साक्षीच्या तोंडावर आणलेली चिठ्ठी बनावट वाटते, मग त्रास खरा असला तरी.

म्हणून भीती-झोपेची तक्रार दिसताच मानसोपचारतज्ज्ञाची ओपीडी नोंद करावी, फेरतपासणीच्या तारखा आणि रजेचा दाखला जपावा, आणि हा मुद्दा मूळ अर्जातच लिहावा. डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात. कमिशन, म्हणजे साक्ष नोंदवणारा माणूस, नेमून दवाखान्यातच साक्ष घेण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालाने दाखवली आहे, वकिलांनी ती मागावी.

न्यायाधिकरणानेही आदेशात त्रासाची तीव्रता, काळ, उपचार आणि रोजच्या कामावरचा परिणाम वेगवेगळा लिहावा. मानसिक अपंगत्वासाठी आपल्याकडे 'आयडियाज' मोजपट्टी आहे: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणे-समजणे आणि काम, प्रत्येकी ० ते ४ गुण, शिवाय आजाराच्या काळाचे गुण वेगळे. ती सरसकट लावू नये, पण अंदाजाला आधार म्हणून पुरेशी आहे. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांसाठी १९९२ पासून मार्गदर्शिका निघते, त्यात मानसिक इजेच्या तीव्रतेच्या चार पायऱ्या आहेत. त्यांचे आकडे आपल्याला नकोत, पायऱ्या घ्यायला हरकत नाही.

क्लेमच्या अर्जात मानसिक त्रासासाठी वेगळा रकाना हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७६ खाली अर्जाचा नमुना राज्य सरकार ठरवते, त्यामुळे हे काम भोपाळमध्येच होऊ शकते. दिल्लीची वाट पाहायला नको.

— क्लेमचे काम पाहणारे दोन वकील, रामबाग, इंदूर