बाबा, लोकांना काय सांगायचं ते

आई-बाबा,

परवा फोनवर आवाज तुटत होता, तरी बाबा तुम्ही विचारलेलं ऐकू आलं की पारावर सगळे विचारतात पोरगी बेल्जियमला काय शिकतेय तर काय सांगू, आणि मागून आई म्हणाली "जंत शिकतेय म्हणावं". हसले मी, पण आई, चूक नाहीये गं तुझं. पोटातले जंत, हत्तीपाय करणारे कृमी आणि आपल्या डाळिंबाच्या मुळ्यांवर गाठी करतात ते निमॅटोड, सगळी एकाच खानदानातली. पुस्तकात सूत्रकृमी म्हणतात.

आपली जुनी बाग आठवते ना. मर आहे मर आहे (बुरशीने झाड वाळतं तो रोग) म्हणत दोन वर्षं दुकानदार देईल ते बुरशीनाशक ओतलं आणि एकदाही कुणी मुळी उकरून बघितली नाही, मी पण नाही, आणि मी तर बीएस्सी ॲग्री केलेली! त्या रागातूनच हे सगळं सुरू झालं बहुतेक.

इथे घेंट युनिव्हर्सिटीत फक्त सूत्रकृमींचा दोन वर्षांचा मास्टर्स आहे, इंग्रजीतून, वर्गात आफ्रिकेतली पोरं भरपूर. काम म्हणजे माती पाण्यात कालवून बारीक चाळण्यांतून गाळायची, मग टिश्यू पेपरवर पसरून एक-दोन दिवस ठेवायची, जिवंत कृमी आपोआप खाली पाण्यात उतरतात. मग काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवून मायक्रोस्कोपखाली एकेक उचलायचा. गाठीवाल्यांची पिल्लं अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतात. पहिल्या महिन्यात रडायची बाकी होते, आता जमतं.

काकांचा ओम्या विचारत होता ना, त्याला सांगा बेल्जियमच पाहिजे असं काही नाही. दिल्लीला पुशाच्या कृषी संशोधन संस्थेत याचा वेगळा विभाग 1966 पासून आहे, एमएस्सी पीएचडी दोन्ही होतं, एमएस्सीसाठी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) पीजी एंट्रन्स द्यायची, रँक चांगला आला तर स्कॉलरशिप पण मिळते. पुढे नेट आणि एआरएसला, म्हणजे कृषी विद्यापीठात प्राध्यापक आणि आयसीएआरमध्ये शास्त्रज्ञ व्हायच्या परीक्षांना, हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठातही सूत्रकृमींच्या अखिल भारतीय प्रकल्पाचं केंद्र आहे, आधी तिथे जाऊन चार दिवस नुसता बघ म्हणावं, कारण दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचं सगळ्यांना नाही जमत, आणि ओम्या तर दहा मिनिटं एका जागी बसत नाही.

आणि बाबा, पारावर कुणी हसलंच तर सांगा की मातीतल्या एका मिलिमीटरभर सूत्रकृमीवर काम करणाऱ्यांना 2002, 2006, 2008 आणि 2024 ला नोबेल मिळालंय. मग बघा.

आता खरं काम. त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावायची घाई करू नका. आधी ड्रिपरजवळची माती बारीक मुळ्यांसकट काढा, वीतभर खोलीची, आठ-दहा ठिकाणची मिळून अर्धा किलो, पिशवीचं तोंड बांधा आणि सोलापूरला केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा तपासणी कुठे होईल. उन्हात डिकीत ठेवून गावभर फिरू नका, कृमी मेले की मोजणार काय. नर्सरीतल्या रोपाची पण पिशवी फाडून मुळी बघा, नर्सरीवाला ओरडला तर ओरडू दे.

आई, बांधावरचा झेंडू दसऱ्यानंतर लगेच उपटू नकोस, त्याच्या मुळ्यांना हे कृमी टरकतात. बाबा म्हणाले तरी नको.

तुमचीच,
छोटी